पहिल्या वळणावरचं केशरी कापड

शिरीष खांबेटेला ऑटोरेसबद्दल त्याचं मत कुणी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच पडत नसे, ते आपसूक मिळे. टोकियोतल्या फुनाबोरी स्टेशनबाहेर सायकल लावताना भेटलात तरी मिळे, गणपतीच्या मीटिंगमध्ये प्रसादाचा विषय चालू असताना मिळे, आणि रविवारी संध्याकाळी 'फुनाबोरी परिवार' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर तीन-तीन स्क्रीन भरून येई. लोक न वाचता अंगठ्याचं चित्र टाकत आणि पनीर कुठे स्वस्त आहे या मूळ विषयाकडे वळत.

ऑटोरेस म्हणजे आठ मोटरसायकली, डांबरी लंबगोल ट्रॅक, सहा फेऱ्या आणि सगळी वळणं डावीकडे. गाडीला ब्रेक नसतो. डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधायचा आणि वळणावर तो जमिनीला घासत गाडी वळवायची. जपानी लोक यावर पैसे लावतात. शिरीष प्रत्येक शर्यतीला शंभर येनचं एक तिकीट काढी, आणि त्याच्या बायकोने, नयनाने, भुवया उंचावल्या की म्हणे, "हा जुगार नाही गं, अभ्यास आहे."

या अभ्यासाचा निष्कर्ष वीस वर्षांत बदलला नव्हता. पूर्वी सगळं चांगलं होतं आणि आता सगळं बिघडलं आहे. पूर्वी वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं असत, डोळे मिटून बसलं तरी आवाजावरून गाडी ओळखता येई. आता सगळ्यांना एकच इंजिन. पूर्वी मातीचा ट्रॅक होता, आता डांबर. संध्याकाळच्या शर्यतींना तर शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज दाबणारी नळकांडी लावतात. स्टँड ओस पडलेत, लोक घरी बसून फोनवर तिकीट काढतात. यातली मातीचा ट्रॅक आणि वेगवेगळी इंजिनं ही शिरीष पुण्याहून कंत्राटावर जपानला यायच्या कितीतरी आधीच गेली होती. पण स्वतः न पाहिलेल्या गोष्टींची आठवण काढून हळहळायला त्याला काही अडचण येत नसे.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एकच होतं, ते म्हणजे ओनोदेरा. दोन हजार तीन साली ऑफिसातल्या एकाने त्याला फुनाबाशीच्या ट्रॅकवर नेलं. त्या दिवशी पाऊस होता. बाकीचे सात जण ओल्या डांबरावर जपून बाहेरून जात होते आणि हा सत्तावीस वर्षांचा पोरगा आतल्या कडेने, हात मावणार नाही अशा फटीतून घुसला आणि पहिला आला. कॉलेजात येझदीवर कर्वे रोडची वळणं घेतलेल्या शिरीषच्या अंगावर काटा आला. त्याने त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीतून उरलेलं केशरी कापड मागून घेतलं आणि त्यावर पांढऱ्या रंगाने हातभर अक्षरांत लिहिलं, 'ओनोदेरा, आत घूस!' इथे चाहते आपापल्या रायडरचे फलक ट्रॅकच्या जाळीला बांधतात. रखवालदाराने या लिपीचा अर्थ विचारला तेव्हा शिरीषने शुभेच्छा आहेत असं सांगितलं. पहिल्या वळणाच्या तोंडाशी त्याने ते बांधलं, आणि ती त्याची कायमची जागा झाली.

दोनेक वर्षांनी शेजारी एक बाई येऊन बसू लागल्या. उन्हाची मोठी टोपी, कोपरापर्यंत हातमोजे, पिशवीत बार्लीच्या चहाचा थर्मास. शिरीष त्यांना 'ओकुसान' म्हणे, म्हणजे आपल्याकडच्या 'वहिनी'सारखं. त्या तिकीट काढत नसत आणि फारसं बोलतही नसत. शिरीषला असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. तो त्यांना नयनाने केलेला पातळ पोह्यांचा चिवडा देई, त्या चहा ओतत, आणि मग ऑफिसात शिकलेल्या जपानीत त्याची मतं सुरू होत. ओनोदेरा जाड झाला. ओनोदेरा आता फट दिसली की विचार करतो. ओनोदेराचं लग्न झालं आणि तिथेच बिनसलं. "गाडीला ब्रेक नाही, पण घरी बायकोने लावलाय," हा त्याचा आवडता विनोद. दर मोसमात तो एकदा तरी होई, आणि ओकुसान तोंडावर हात धरून दर वेळी हसत.

दोन हजार सोळाला फुनाबाशीचा ट्रॅक बंद पडला. तिथले रायडर दुसरीकडे वाटले गेले, ओनोदेरा कावागुचीला गेला आणि केशरी कापड घेऊन शिरीषही गेला. पहिल्याच दिवशी वळणाच्या तोंडाशी ओकुसान बसलेल्या दिसल्या तेव्हा त्याला भरून आलं. अस्सल चाहता ट्रॅक बदलला तरी येतो, असं त्याने ग्रुपवर लिहिलं.

गेल्या ऑक्टोबरातल्या रविवारी तो जुईला बरोबर घेऊन गेला. जुई त्याची मुलगी, चोवीस वर्षांची. जन्म फुनाबोरीचा, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देणारी. बाबा दर रविवारी कुठे जातो ते बघायला ती वीस वर्षांत प्रथमच तयार झाली होती, आणि ट्रेन बदलताना, बसमध्ये बसताना शिरीष तिला न थांबता समजावत होता. सकाळपासून पाऊस होता. "पावसातला ओनोदेरा बघ तू आज," तो म्हणाला. "बाकीचे वाहून जातील."

ओकुसान आपल्या जागी होत्याच. जुईने कमरेतून वाकून नमस्कार केला, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्या दोघी अशा काही बोलायला लागल्या की शिरीषला मध्ये शिरायला जागा मिळेना. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. जाळीला केशरी कापड बांधून झालं होतं आणि आता त्याचं लक्ष शर्यतीची यादी दाखवणाऱ्या बोर्डावर होतं.

ऑटोरेसमध्ये सगळे एका रेषेवरून सुटत नाहीत. जो तरबेज तो मागे उभा राहतो, दहा दहा मीटर मागे. जो कच्चा तो पुढे. ओनोदेरा एकेकाळी सगळ्यांच्या मागून सुटून पुढे येई. गेली काही वर्षं त्याची रेषा पुढे पुढे सरकत होती, आणि आज त्याचं नाव सर्वांत पुढच्या रेषेवर होतं, दोन वर्षांपूर्वी परवाना मिळालेल्या पोरासोरांच्या बरोबर. शिरीषचा चेहरा पडला. तरी चाचणीच्या फेरीची वेळ चांगली होती. त्याने मनाशी म्हटलं, पाऊस आहे, पुढून सुटतोय, आज तरी.

शर्यत सुटली. दोन फेऱ्या ओनोदेरा पहिला होता. शिरीष उभा राहिला, जुईचा खांदा दाबून "बघ, बघ" करू लागला. तिसऱ्या फेरीला एक जण बाहेरून पुढे गेला. मग दुसरा. पाचव्या फेरीपर्यंत सातही जण पुढे गेले होते. शेवटच्या फेरीत पुढच्या पोराची गाडी जरा बाहेर सरकली आणि आतल्या कडेला फट पडली, पूर्वीच्या ओनोदेराला दोनदा पुरली असती एवढी. ओनोदेरा तिच्यात गेला नाही. तो आपला मागे राहिला आणि आठवा आला.

शर्यत संपल्यावर गाड्या इंजिन मंद करून एक फेरी मारतात. त्या वेळी ट्रॅकवर शांतता असते. भिजलेल्या स्टँडमध्ये माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ओनोदेरा पहिल्या वळणाशी आला तेव्हा शिरीष जाळीला नाक लावून ओरडला, "ओनोदेरा! यामेरो! मो काएरे!" बंद कर. जा आता घरी. वीस वर्षं त्याचं जपानी ऑफिसात कुणाला धड कळलं नव्हतं, पण हे शब्द अगदी स्वच्छ उमटले. हेल्मेट त्याच्याकडे वळलं. क्षणभर वळलेलंच राहिलं. मग गाडी पुढे गेली.

शिरीषचं एवढ्याने भागलं नाही. त्याने फलकाच्या गाठी सोडायला घेतल्या. ओल्या गाठी सुटेनात म्हणून त्याने दाताने ओढल्या. चाहत्याने शर्यतींच्या दिवशी फलक उतरवणं म्हणजे रायडरला सोडून देणं, हे तिथल्या प्रत्येकाला कळतं. दोन म्हाताऱ्यांनी मान फिरवली. ओकुसान उठल्या. त्यांनी फलकाचं दुसरं टोक धरलं, पिशवीतल्या टॉवेलने वरचं पाणी टिपलं, आणि काठाला काठ जुळवून त्याच्या हातात नीट घडी करून दिली. मग टॉयलेटकडे जाते असं सांगून छत्री उघडून गेल्या.

"बाबा," जुई म्हणाली. ती चक्क मराठीत बोलत होती. "बाबा, तू त्यांना कधी नाव विचारलंस?"

"कुणाला?"

"त्यांना. वीस वर्षं शेजारी बसतोस ना?"

"इथे कुणी नावं विचारत नाही गं."

"मी विचारलं. त्या ओनोदेरा आहेत. त्याच्या मिसेस."

शिरीष खाली बसला. बाक ओला होता, तेही त्याला कळलं नाही. त्याला सगळ्यात आधी आठवला तो ब्रेकचा विनोद. मग तोंडावर हात धरून हसणाऱ्या ओकुसान आठवल्या, प्रत्येक मोसमातल्या. त्याला वाटलं, ही पायाखालची जमीन आता आपल्याला घेईल तर बरं. जमिनीने घेतलं नाही.

"पुढचं ऐक," जुई म्हणाली. तिला ते सांगायचं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. "तू त्यांच्या घरी फेमस आहेस. ते घरी आले की पहिलं विचारतात, चिवडासान आज काय म्हणाला? आणि त्या सगळं सांगतात. दोघं खूप हसतात म्हणे. आणि हे..." तिने घडीकडे बोट केलं. "पावसात काचेवर पाणी येतं, रेषा दिसत नाहीत. हे केशरी दिसतं. हे आलं की ते थ्रॉटल बंद करतात. ब्रेक नसतो ना. फुनाबाशीपासून त्यांची खूण हीच आहे. तेव्हा तू ओरडला नव्हतास म्हणून त्यांनी मला हे कौतुकाने सांगितलं."

शिरीष ताडकन उठला. फलक पुन्हा बांधू, म्हणाला. पण आजची ओनोदेराची शर्यत झाली होती, आणि उतरवलेला फलक पुन्हा चढवायला रखवालदार तयार नव्हता. उद्या सकाळी या, म्हणाला. मग शिरीष म्हणाला, ओनोदेरालाच फोन करू, माफी मागू. जुईने मान हलवली. शर्यतींचे दिवस संपेपर्यंत रायडरांना ट्रॅकच्याच वसतिगृहात राहावं लागतं आणि फोन काढून घेतलेले असतात. बायकोलासुद्धा बोलता येत नाही. शिरीषला हा नियम तोंडपाठ होता, त्यानेच सकाळी बसमध्ये तिला तो सांगितला होता. म्हणजे आज रात्रभर ओनोदेरा त्या खोलीत ते शब्द घेऊन बसणार, आणि उद्या पुन्हा पावसात सुटणार, अंदाज होता पावसाचाच. ओकुसान परत आल्या नाहीत. परतीच्या ट्रेनमध्ये जुई त्याच्यापासून एक सीट सोडून बसली. त्या रविवारी ग्रुपवर काही आलं नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

सोमवारी सकाळी शिरीषने ऑफिसात ताप आल्याचं कळवलं. ट्रॅकचं दार उघडायच्या अर्धा तास आधी तो फलक पोटाशी धरून रांगेत पहिला उभा होता. दार उघडलं तसा सत्तावन्नाव्या वर्षी तो अक्षरशः पळत पहिल्या वळणाशी गेला.

जाळीला केशरी कापड होतं.

अक्षरं नव्हती. चादरीएवढं नुसतं कापड, घड्यांच्या रेषा अजून त्यावर होत्या. आदल्या संध्याकाळी कुठल्यातरी दुकानातून घेतलेलं. चारही कोपरे बारीक, घट्ट गाठींनी बांधलेले. बाहेर रांगेत ओकुसान दिसल्या नव्हत्या, म्हणजे रायडरच्या घरच्या माणसांना बाजूच्या दाराने लवकर सोडलं असणार. शेजारी ओकुसान बसल्या होत्या, टोपी, हातमोजे, थर्मास, सगळं रोजचंच.

शिरीष तिथेच उभा राहिला. फलक पाठीमागे लपवावा असं वाटलं, पण तो फार मोठा होता. मग तो कमरेतून वाकला, वाकलेलाच राहिला, आणि रात्रभर पाठ केलेलं माफीचं वाक्य त्याच्या तोंडून अर्धंच बाहेर आलं. ओकुसाननी बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. बसा, म्हणाल्या.

शर्यत झाली. पाऊस होताच. ओनोदेरा सहाही फेऱ्यांना त्या कापडाशी येऊन इंजिन मंद करी आणि नीट वळे. शिरीष ते आज प्रथमच बघत होता. वीस वर्षं इथेच बसून त्याने ते कधी पाहिलं नव्हतं, कारण तो कायम फट शोधत असे. ओनोदेरा सहावा आला. शांततेच्या फेरीत तो वळणाशी आला तेव्हा शिरीषने मान खाली घातली, त्यामुळे हेल्मेट वळलं की नाही ते त्याला कळलं नाही.

ओकुसाननी चहा ओतून कप त्याच्यापुढे धरला. आज चिवडा आणायचं त्याला सुचलं नव्हतं.

"आज संध्याकाळी ते घरी येतील," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "आले की विचारतील, चिवडासान काय म्हणाला. काय सांगू?"

शिरीषने कप दोन्ही हातांत धरला. ओकुसान वाट बघत राहिल्या, नेहमीसारख्याच, मान किंचित कलती करून. पुढच्या शर्यतीच्या गाड्या ट्रॅकवर आल्या तरी त्याला सांगण्यासारखं काही सापडलं नव्हतं.