लातूरहून आलेली पोच

मंगळवार, ९ जुलै २०२४. सकाळचे नऊ चाळीस. देगलूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, मलप्पा फाटक्या पोत्यांना टाके घालत बसला होता. वय एकाहत्तर. हात कामात, नजर रस्त्यावर. पोस्टमन दहाच्या सुमारास येतो.

पत्र पेटीत टाकलं म्हणजे गेलं, असं मलप्पा मानत नाही. समोरच्यानं घ्यावं, सही करावी, सहीचं कार्ड परत यावं. ती पोच. शेजारचा आडत्या चिडवतो, "मलप्पा, पत्राची पोच जपतोस, माणसाशी वागायची पोच कधी येणार रे?"

टोमणा खोटा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी आई, शांतम्मा, गेली. धाकटा भाऊ गुरुलिंग लातूरहून निघाला होता, दुपारपर्यंत पोचतो म्हणाला होता. मलप्पा थांबला नाही. गुरुलिंग आला तेव्हा माती देऊन झाली होती. तो पाणीही न पिता परतला.

तेव्हापासून मलप्पा महिन्याला एक रजिस्टर पत्र टाकतो. 'मी बरा आहे. तू कळव.' माफीची ओळ त्यानं अजून लिहिलेली नाही. उत्तर येत नाही. कार्ड येतं, त्यावर गुरुलिंगची तिरकी सही, खाली रेघ. भाऊ जिवंत आहे, एवढं त्यातून कळतं.

आज कार्ड आलं. सही वेगळी होती: महांतेश. गुरुलिंगचा मुलगा.

मलप्पा कार्ड घेऊन पोस्टात गेला. खिडकीवर कारकून दीपमाला होती.

"बाई, दुसऱ्यानंच सही केली की!"

"घरातलं कुणीबी घेतंय, काका. भाऊ बाहेर गेले असतील."

"अकरा वर्षांत कधी न्हाई गेला."

"मग फोन लावा."

"उचलत न्हाई. पोराचा नंबर न्हाई."

"दुसरं रजिस्टर टाका. आठवड्यात पोच येईल."

पत्ता लिहिलेलं पाकीट त्याच्या खिशात होतं. त्यानं ते काढलं, खिडकीपर्यंत नेलं आणि मागं घेतलं.

"आठवडा लई होतो," तो म्हणाला.

मोंढ्यात परत येऊन त्यानं आडत्याला सांगितलं, "उद्या येत न्हाई."

"कुठं चाललास?"

"लातूरला."

 मलप्पा बसस्थानकावर जाऊन वेळ विचारून आला. लातूरची पहिली गाडी सकाळी सव्वासहाला सुटते.