करीमभाईंचा पुकारा

करीमभाई भाजीसुद्धा बोलून घेत नसत. भाजीवाल्याचा हात हातात घ्यायचे, त्यावर उपरणं टाकायचे आणि आतून बोटं दाबायचे. भाजीवाला ओरडायचा, "भाई, भेंडी घ्यायचीय का सोयरीक जमवायचीय?" मग त्यांच्या बायकोला, जैनबभाभींना, बाहेर यावं लागे.

नगरमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. भाई गुळाच्या बाजारात दलाल होते. त्या वेळी सौदे रुमालाखाली होत. दलाल एकेका व्यापाऱ्याचा हात रुमालाखाली धरी, व्यापारी बोटं दाबून भाव सांगे. कोणी किती दिला ते दलालालाच ठाऊक. शेतकऱ्याला शेवटचा आकडा तेवढा कळे. भाई मला म्हणत, "भाव ही झाकायची गोष्ट हाय, वहिनी. चारचौघांत काढली की तिची अब्रू जाती."

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास बाजारात नवा नियम आला. रुमाल बंद, उघडा लिलाव, आणि पुकारणाऱ्याला सरकारी परवाना. परवान्यासाठी साहेबासमोर एक ढीग विकून दाखवायचा. भाई गेले. पहिली बोली आली ती त्यांनी नीट ऐकली, आणि पुढच्या व्यापाऱ्याच्या कानात जाऊन हळूच सांगितली. सारा बाजार हसला. साहेब म्हणाले, "हा लिलाव आहे, कानगोष्टी नव्हेत. अजून एकदा संधी देतो. मग नाही."

भाईंना दुसरा धंदा येत नव्हता. "तिसगावला जावयाकडं जातो, शेरडं राखतो," म्हणून ओट्यावर बसून राहिले. भाभी रडायला लागल्या. रडण्याने परवाना मिळत नाही. मी म्हटलं, "उद्या दुपारी आमच्या अंगणात या. लिलाव करायचा."

माझं तांब्याचं घंगाळ मी ओट्यावर ठेवलं. आळीतल्या बायका बोली लावायला जमल्या. भाई डोळे मिटून पुटपुटले, "पाच रुपयं." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "चुलीपाशी ऐकू आलं पाहिजे!" पलीकडच्या काकूंनी सहा म्हटले. घंगाळ जातंय की काय असं वाटून मीच बाहेर येऊन सात म्हटले. भाभी एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. भाईंनी डोळे उघडले. "सात! सात रुपयं! वहिनी, तुमी सोताचंच भांडं घेताय व्हय?" आवाज फुटला तो त्या दुपारी.

परीक्षेच्या दिवशी मी भाभींना घेऊन बाजारात गेले. बायका तिथे जात नसत. आम्ही गेलो. कोल्हारच्या एका म्हाताऱ्याचा गूळ होता. भाईंनी पहिली बोली मोठ्याने पुकारली, आणि मग बोली चढत गेली. चौदावर आली तेव्हा म्हाताऱ्याने भाईंची बाही धरली.

"जरा थांबा. पुन्ना म्हना."

"काय म्हनू?"

"माझ्या गुळाचा भाव. आमी हितं लई वर्सं येतो, पर कोन किती देतंय ते माझ्या कानावर कदी पडलं न्हाई."

साहेब बघत होते. आता भाई त्या दिवशी ओट्यावर बसले तसे इथेही बसून राहतात की काय, असं मला वाटलं. पण ते म्हाताऱ्याकडे वळले, व्यापाऱ्यांकडे सरळ पाठ केली आणि ओरडले, "चवदा रुपयं! बाबा, तुमच्या गुळाला चवदा!" मागून कोणीतरी चिडून म्हटलं, "पंधरा घ्या!" भाईंनी तेही म्हाताऱ्याच्याच तोंडावर पुकारलं.

सौदा पंधरावर पक्का झाला. साहेब म्हणाले, "भाई, तोंड खरेदीदारांकडे ठेवायचं असतं."

"व्हय साहेब. पर माल त्येचा हाय."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि सही केली.

घरी आल्यावर भाई भाभींना एवढंच म्हणाले, "त्यो म्हातारा मला वळखत हुता. माझ्याच रुमालापाशी उभा ऱ्हायचा." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे ते हयातभर तसेच पुकारत राहिले, शेतकऱ्याकडे तोंड करून. व्यापारी कुरकुरत, पण उठून कोणी गेलं नाही. भाई गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. बाजारात नवा माणूस पुकारतो. आवाज खणखणीत आहे. तोंड मात्र व्यापाऱ्यांकडे असतं.