सहादेव साळ्याची चाळीस हात जागा

अर्जाचं तिसरं कलम मच्छिंद्रनं लिहिलं आणि स्वतःवरच खूष होऊन दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. साळी गल्लीत अकरावीपर्यंत पोचलेला तो एकटाच. तिथं तो गणितात आपटला होता, पण अर्जाला गणित लागत नाही, असं गल्लीचं मत पडलं.

“‘सदर जागेत आम्ही तीन पिढ्या सुताची पाजणी करीत आहोत. मिशनच्या जुन्या साहेबांनी आमच्या वडीलधाऱ्यांस तशी परवानगी मोठ्या मनाने दिली असून, त्याबद्दल आम्ही दर नाताळास चर्चच्या मेजाकरिता हाताने विणलेले पांढरे वस्त्र आजतागायत न चुकता देत आलो आहोत.’”

“वा!” सहादेवतात्या म्हणाले. “ह्याला म्हंत्यात शिक्षान.” आणि त्यांनी पहिला अंगठा उठवला.

हरकत होती ती गाडीतळाला. चर्चच्या कुंपणाला लागून एक मोकळी पट्टी होती. रविवारी खेड्यांतून बैलगाड्या येत, दवाखान्याच्या डॉक्टरांची फियाट येई, आणि बहात्तर साली पाऊस तोंड फिरवून गेल्यावर मनमाडहून कोल्हारमार्गे दुष्काळातल्या पोरांसाठी दूधपावडरीचे ट्रकही येऊ लागले. ते सगळं रस्त्यातच उभं राही. म्हणून मिशननं ठरवलं, पट्टीवर मुरूम टाकायचा आणि गाड्या तिथं लावायच्या.

आणि त्याच पट्टीवर सहादेवतात्यांचं आयुष्य गेलं होतं, अगदी मोजून चाळीस हात. मागावर चढवण्याआधी सुताला खळ पाजावी लागते. उन्हं चढायच्या आत दोन खुंटांमध्ये ताणा, म्हणजे उभं सूत, लांबवायचा, ज्वारीच्या पिठाची खळ लावायची आणि सुतं सुटी वाळेपर्यंत कुंचा फिरवत राहायचं. एका अंगाला तात्या, दुसऱ्या अंगाला त्यांची बायको मनकर्णाकाकी, चाळीस हात पुढं आणि चाळीस हात मागं. साठ वर्षांच्या ह्या येरझाऱ्यांनी तात्यांच्या पायांना अशी खोड लागली होती की, बाजाराला निघाले तरी चाळीस हातांवर थबकत आणि मागं वळून बघत. पोरं म्हणत, “तात्या, सूत संपलं!” ताणा गल्लीतच लांबवावा, तर गल्ली वाकडी होती, अकरा हातांवर गटार आणि पुढं वळण. गल्लीतल्या बाकीच्यांनी केव्हाच गिरणीचं तयार सूत धरलं होतं किंवा माग मोडून चुलीत घातला होता. तात्यांचा एकच माग उरला होता, आणि पट्टी गेली की तोही जाणार होता.

पंधरा दिवसांनी मामलेदार कचेरीत बोलावणं आलं. हेडक्लार्क दत्तोपंतांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि तिसरं कलम पुन्हा वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” मच्छिंद्र ताठ होऊन म्हणाला.

“छान अक्षर आहे. अरे, तीन पिढ्या कुणाला न विचारता वापरली असतीत, तर वहिवाट म्हणून काहीतरी बोलता आलं असतं. तुम्ही विचारून वापरलीत, वर दर वर्षी कापड दिलंत. जागेचा मालक कोण, हे तुम्हीच अंगठे उठवून सांगितलंत. मिशनला आता वकील कशाला लागतोय?”

“पण ते उपकार म्हणून—”

“कागदावर त्याला भाडं म्हणतात, बाळ.”

चर्चचे पाळक शांतवनराव शेजारीच बसले होते. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. “सहादेवराव, कापड आम्ही कधी मागितलं नव्हतं.”

“मागायला कशाला लागतंय, साहेब? आमीच आनून देत हुतो की.”

“रस्त्यात परवा एक सायकलवाला ट्रकखाली जाता जाता वाचला. मी तरी काय करू?”

“तुमी काय करनार,” तात्या म्हणाले. त्यात टोमणा असता तर मच्छिंद्रला बरं वाटलं असतं.

दसरा झाला आणि मुरूम पडला. खुंट मात्र पाळकांनी राहू दिले. ट्रक नसेल त्या दिवशी पाजणी करा म्हणाले. तात्यांनी एक सकाळ धरली. पंच्यांचा पांढरा ताणा होता, त्याच्याच शेवटच्या चार हातांत नाताळचं कापड निघायचं होतं. मच्छिंद्र आपण होऊन खळीची बादली धरायला गेला. अर्धी खळ लागली असेल-नसेल, तोच ट्रक येऊन भोंगा वाजवू लागला.

“ओ बाबा, धोतर वाळत घातलंय का? काढा की!”

“धोतर न्हाई रं!” मनकर्णाकाकी ओरडल्या. “दहा पंचे हायेत आन् तुझ्याच चर्चचं कापड हाय त्यात!”

“मावशी, पोरं दुधाला खोळंबल्यात!”

काकींनीच आधी आपल्या बाजूचं टोक खुंटावरून सोडलं. तिघांनी ओला ताणा उचलून बाजूला घेतला. सुतं एकमेकांना चिकटली आणि वाळून त्यांचं तट्ट दोरखंड झालं. तात्यांनी ते गुंडाळलं, दोन्ही खुंट हलवून हलवून उपटले आणि सरपणाला घरी नेले.

पुढच्या सोमवारी ते केडगावच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. तिथं बसूनच काम असतं.

नाताळात मच्छिंद्र चर्चवरून गेला. दार उघडं होतं. मेजावर मागल्या सालचंच कापड होतं, घडीवर पिवळं पडलेलं. संध्याकाळी त्यानं तात्यांना सांगितलं. वाटलं, म्हातारा एकदाची शिवी तरी घालेल, मिशनला नाहीतर आपल्याला.

तात्या फुटलेल्या बोटाला चिंधी बांधत होते. “पाळकसाहेबाला सांग, औंदाचं कापड ऱ्हायलंय म्हनावं.”

“तात्या, जागा गेली. आता कसलं कापड?”

“दसऱ्यापतुर वापरली न्हवं? दहा म्हैन्यांचं देनं लागतं. तूच लिवलंयस, न चुकता म्हनून.”

निरोप मच्छिंद्रनं अजून दिलेला नाही, आणि कापडही राहिलेलंच आहे.