पाच रिपोर्ट, एकच साखर

काच कारखान्यातल्या सिस्टरला कामगार पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. बावीस वर्षं ती तिथला दवाखाना सांभाळत होती. हात भाजलेला असो की बोटात काच घुसलेली, तिच्याकडे आधी बोलणी खायची आणि मग मलमपट्टी करून घ्यायची. वर्षातून एकदा सगळ्यांची आरोग्य तपासणी व्हायची. त्या आठवड्यात तर तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती.

यंदा दोनशे चौदापैकी दोनशे बारा जण तपासणीला आले, म्हणून ती खुशीत होती. गुरुवारी दुपारी लॅबमधून रिपोर्टांचा गठ्ठा आला. भट्टी खात्याचे कागद वेगळे लावताना लागोपाठ तेच आकडे दिसले, तसा तिचा हात थांबला. लघवीत साखर चार प्लस, कीटोन भरपूर. खालच्या कागदावर तेच. त्याखाली पुन्हा तेच. पाच कागद, पाच नावं, आणि आकडे झेरॉक्स काढल्यासारखे! बावीस वर्षांत तिने कामगारांचं बरंच काही पाहिलं होतं, पण आजारपणातली अशी एकी नव्हती पाहिली.

मग तिच्या लक्षात आलं. एकानेच पाच बाटल्या भरल्या होत्या.

आधी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिने कीटोनचा आकडा पुन्हा पाहिला. कीटोन निघाले म्हणजे साखर कधीच हाताबाहेर गेलेली. तो माणूस भट्टीसमोर केव्हाही कोसळेल, आणि वेळेवर इलाज झाला नाही तर पुन्हा उठायचा नाही. पण तो पाचांतला कोण? घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चारला त्यांची पाळी सुरू होणार होती, आणि चारलाच मॅनेजरसाहेब आजाऱ्यांची यादी न्यायला येणार होते.

पाळीसाठी लवकर येऊन थांबलेल्या त्या पाचही जणांना तिने बोलावून घेतलं. ते भिंतीला टेकून ओळीने उभे राहिले. सगळ्यात धिप्पाड तो पैलवान. त्याच्या शेजारी त्याचा मेहुणा, आणि पुढे खात्यातलेच तिघे.

“बाटल्या कुणी भरल्या?”

पाचही जण एकमेकांकडे बघू लागले.

“अरे, मी चोर पकडायला नाही बसले! तुमच्यातल्या एकाच्या जिवावर बेतलंय. बोटं पुढे करा, एक थेंब रक्त घेते.”

“नाही जमायचं,” पैलवान म्हणाला. “मागच्या वर्षी दिला होता की रक्तदाब मोजू. दोन दिवसांत आमचा जोडीदार भट्टीवरून अंगण झाडायला गेला. यादी कुणी दिली होती, सिस्टर?”

तिने दिली होती. नियमच तसा आहे, असं ती वर्षभर स्वतःची समजूत घालत होती. आता समोरच्या पाच चेहऱ्यांकडे बघताना तिला शरम वाटली.

“मीच दिली,” ती म्हणाली. “चुकले. यंदा देणार नाही.”

कुणाचा विश्वास बसला नाही. साडेतीन वाजले. तिने आवाज खाली आणला. “बरं, एवढंच सांगा. सारखी तहान कुणाला लागते? पँट कुणाची सैल झालीय?”

चौघांच्या नजरा नकळत पैलवानाकडे वळल्या आणि चटकन जमिनीवर गेल्या.

“माझ्याकडे काय बघता?” पैलवान हसला. “भट्टीसमोर उभा राहतो, तहान लागणारच. आणि पोट उतरलं तर चांगलंच की!”

पण मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “दाजी, बोट द्या,” तो म्हणाला.

“गप रे.”

“द्या म्हणतो ना! मीच तुम्हाला म्हटलं होतं, तुम्ही ठणठणीत आहात, आमच्याही भरा. तुम्हाला काही झालं तर ताईला काय तोंड दाखवू?”

पैलवानाने रागारागाने बोट पुढे केलं. सिस्टरने सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. यंत्राने आकडाच दाखवला नाही.

“बघा, काही नाही निघालं!” पैलवान म्हणाला.

“यंत्राला मोजता येत नाही इतकी साखर आहे,” सिस्टर म्हणाली, आणि तिने अँब्युलन्सला फोन लावला. पैलवान खुर्चीत बसला. 

त्याला गाडीत चढवतानाच साहेब आले. “काय झालं याला? आणि यादी कुठंय?”

“किती जण तपासले आणि किती जणांना पुढे पाठवलं, ते लिहून देते. नावं मिळणार नाहीत.”

“हा हुकूम समजा, सिस्टर.”

“मग तसं लेखी द्या. मीही लेखी कळवते, की मागच्या वर्षी नावं बाहेर गेली म्हणून पाच जणांनी खोटी तपासणी केली आणि एक जण मरता मरता राहिला.”

साहेब पाठ फिरवून निघून गेले.  ते उद्या काय करतील, हे तिला माहीत नव्हतं.

आत चौघे तसेच उभे होते. मेहुणा हमसून हमसून रडत होता. “माझ्या लबाडीने दाजी गेले असते.”

“उलट आहे,” सिस्टर म्हणाली. पुढचं बोलायला तिला धीर गोळा करावा लागला. “मी रिपोर्ट वाचत नाही रे. नुसते खात्याप्रमाणे लावते. डॉक्टर सोमवारी येऊन वाचतात. पाच सारखे दिसले म्हणून थांबले. त्याचा एकट्याचा असता तर गठ्ठ्यात सरकवून मोकळी झाले असते.”

मेहुण्याने डोळे पुसले.  मग पुढे येऊन त्याने हात टेबलावर ठेवला.

“आमचं आत्ताच बघा,” तो म्हणाला. “सोमवारपर्यंत थांबायला नको.”