याआधी काय घातलं?

मातीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. अठ्ठावीस वर्षं एकच काम. आलेली माती सावलीत वाळवायची, ढेकळं फोडायची, चाळायची. मग ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेल्याचे पुन्हा चार. नमुना मुठीत मावेपर्यंत. आणि खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला एकच दम, "आधी तपासा, मग घाला. औषध आधी, डॉक्टर नंतर, असं करता का घरी?"

त्या सोमवारी खिडकीशी तिची धाकटी बहीण उभी होती. हातात गाठ मारलेली पिशवी.

"अगं, तू? आणि हे काय?"

"परसातली माती. डॉक्टरांनी तपासून आणायला सांगितलंय."

"डॉक्टरांना कुठून मातीचा पुळका?"

"छकुलीच्या रक्तात शिसं निघालं, ताई. बोलणं त्यानेच अडलंय म्हणतात."

छकुली म्हणजे बहिणीची नात. चार वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नव्हती. "बोलेल गं, मग गप्प कर म्हणाल," अशी थट्टा चाळणीबाईनेच केली होती.

तिने फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, पीक: पालेभाजी. पुढचा रकाना, 'याआधी काय घातलं?' तिथे पेन थांबलं. तो तिने कोराच सोडला.

बहिणीच्या परसात पूर्वी एक बॅटरीवाला शिसं काढायला जुन्या बॅटऱ्या फोडायचा, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. चाळणीबाईलाही. तीन वर्षांपूर्वी वाफे काढताना तिने तिथली माती चिमटीत चोळली होती. "चुनखडी आहे. गंधक घाल, दरवर्षी दोन-दोन मुठी."

"तपासायला देऊ का तुमच्या प्रयोगशाळेत?"

"कशाला? इतकी वर्षं मी काय तिथे माश्या मारल्या? माती हातात घेतली की बोलते माझ्याशी."

पालक असा माजला की विचारू नका. छकुली कोवळी पानं खुडून उभ्या उभ्या खायची.

शुक्रवारी साहेब अहवाल घेऊन आले. "शिसं बेसुमार आहे. त्यात माती आंबट. आंबट मातीत शिसं सुटतं आणि मुळं ते पिऊन घेतात. चाळणीबाई, यांनी माती आंबवणारं गंधकबिंधक काही घातलं होतं का? रकाना कोरा कसा?"

"विचारते," ती म्हणाली.

बहीण बाहेर बाकावर होती. अहवाल ऐकून तिने पदर तोंडाला लावला. "त्या बॅटरीवाल्याचं पाप, ताई. त्याचं वाटोळं होवो. तू तरी काय करणार होतीस?"

सुटका आयती समोर आली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. चाळणीबाईने तिच्याशेजारी बसून फॉर्म मांडीवर घेतला आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलंही, "गंधक. तीन वर्षं. न तपासता. माझ्या सांगण्यावरून." मग साहेबांचं आंबट मातीचं म्हणणंही जसंच्या तसं सांगितलं.

बहिणीने पदर खाली घेतला.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "तपासायला देऊ का म्हणून. विचारलं होतं ना मी?"

अहवाल पिशवीत घालून ती निघून गेली. वळून पाहिलं नाही.

चाळणीबाई आत येते तोच खिडकीवर कुणीतरी टकटक केली. "बाई, बागेत चुना घालायचाय. किती घालू?"

चाळणीबाईने तोंड उघडलं. रोजचा दम काही केल्या बाहेर येईना. तिने नुसताच हात पुढे केला, मातीची पिशवी घ्यायला.