पहिली घंटा

चर्चमध्ये मंडळीसमोर देवाची साक्ष द्यायला आजवर अनेकदा उभा राहिलो, पण खरी गोष्ट कधी सांगितली नाही. देव माझं ऐकतो का, ही शंका त्यामुळेच मनात राहिली.

बहात्तरच्या दुष्काळात मी आमच्या चर्चचा पंच होतो; पाळकसाहेब उपासना चालवत, कारभार मी पाहायचो. दाराशेजारच्या खोलीत सोनाबाई ही विधवा राहायची. झाडलोट करायची, रविवारी दोनदा घंटा द्यायची. पहिली अर्धा तास आधी, दुसरी उपासना सुरू होताना. तलावाच्या कामावर खडी फोडणारी आमची माणसं पहिली घंटा ऐकून निघत. धुळीने माखलेल्या अंगाने पुढच्या सतरंजीवर बसत. मला ते खुपायचं.

मी सोनाबाईला म्हणालो, “पहिली घंटा बंद. पाळकसाहेबांनी सांगितलंय.” ते खोटं होतं.

“आवं पंच, मग खडीवरची माणसं कशी येतील?” तिने विचारलं. मी आत निघून गेलो.

माणसं उशिरा येऊ लागली, दाराबाहेर उभी राहू लागली. पाळकसाहेबांनी चौकशी केली, तेव्हा मी म्हणालो, “म्हातारीला आता भान राहत नाही.” सोनाबाई समोरच होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. खोली सोडून ती आटपाडीकडे बहिणीच्या गावी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात कामासाठी त्याच भागात चालत निघालो होतो. ऊन लागून रस्त्यातच कोसळलो. पाण्याला निघालेल्या दोन बायांनी मला उचलून एका छपरात नेलं. डोळे उघडले तर कपाळावर ओलं फडकं आणि समोर सोनाबाई. घागरीत तळाशीच पाणी होतं. त्यातलं ती मला पाजत होती. वाटेवर इतकी घरं असताना मला तिच्याच दारी का नेलं, हे मी आजही त्या बायांना विचारलेलं नाही.

मी रडलो. “माझ्यामुळे देवाचं घर सुटलं तुमचं.”

“खोली सुटली. घर कुठं सुटतंय?” ती हसली. “सकाळी डोळं उघडलं की त्याच्या दारातच हाय मी. घंटा तेवढी न्हाई. भगुनं वाजवू का?” मग म्हणाली, “मला काय नगं. पहिली घंटा तेवढी सुरू करा, पंच. लांबची माणसं हायत.”

घंटा सुरू केली. तिच्यावरचा आळ मात्र मी पुसला नाही, आणि ती प्रभूकडे गेली. म्हणून आज लिहितो. सोनाबाईचं भान कधीच सुटलं नव्हतं. ती घंटा मी थांबवली होती.

आता पंचपद नाही. रविवारी पहिली घंटा मीच देतो आणि तिच्या जागी, दारात बसतो. उशिरा आलेल्याला आत जागा करून देतो. याहून पुढे बसावंसं आता वाटत नाही.