अंधारघरातलं जोडपं

माझी मावशी प्राणिसंग्रहालयात अंधारघर सांभाळायची. रात्री जागणाऱ्या प्राण्यांची ती इमारत. तिथे दिवसा दिवे मंद असतात आणि रात्री लख्ख, म्हणजे प्राणी फसतात आणि येणाऱ्या लोकांना ते जागे दिसतात. मावशी सकाळी उन्हातून आत शिरली की दारापाशी जरा डोळे मिटून उभी राहायची आणि मग फळांची बादली उचलायची. घरी काका म्हणायचे, "हिला उजेडात माझा चेहरा धड दिसत नाही, म्हणून टिकलाय आमचा संसार."

शेवटच्या मोठ्या काचेमागे माकडांचं एक जोडपं होतं. खारीपेक्षा थोराड, मांजरापेक्षा लहान, डोळे मात्र घुबडासारखे वाटोळे. नराच्या कपाळावर काळे पट्टे होते. त्यामुळे तो कायम रागावल्यासारखा दिसायचा, म्हणून तो मास्तर. ती नुसती बाई. मास्तर दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून आला होता. बाई बंदरावर जप्त झालेल्या एका पेटीत सापडली होती, कुठल्या जंगलातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघांना एकत्र सोडलं आणि लगेच सूत जुळलं. एकाच ढोलीत अंगाला अंग लावून झोपायची. एक दिसेनासं झालं की दुसरं हू-हू करून हाका मारायचं.

बाईला दिवस जायचे, पण पिल्लू मेलेलंच जन्मायचं. एकदा एक जिवंत जन्मलं. या माकडांत पिल्लू पाठीवर बाप घेतो. मास्तरने ते घेतलं, मिरवलं, आणि आठवडा होण्याआधीच ते गेलं. तरी तो ते खाली ठेवेना. शेवटी मावशीनेच केळ्याचा तुकडा पुढे करून ते त्याच्याकडून काढून घेतलं. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही.

तिने ते फार मनाला लावून घेतलं. फरशी पुसायचं औषध बदललं, फळं बदलली, ढोलीत मऊ गवत घातलं, काचेवर टकटक करणाऱ्या लोकांशी भांडली. आपलंच काहीतरी चुकतंय, हे तिच्या डोक्यातून जाईना.

मग नवीन डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान, बोलायला मऊ. त्यांनी दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल आल्यावर त्यांनी मावशीला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणजे बातमी वाईट, हे मावशीने ओळखलं.

"मावशी, ही दोघं एका जातीची नाहीत."

"सारखीच तर दिसतात."

"दिसतात. पूर्वी एकच जात होती. मग मध्ये नदी आली असेल, डोंगर आला असेल, दोन टोळ्या वेगळ्या पडल्या. शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, जीव कसा घडवायचा हे त्यांच्यात लिहिलेलं असतं. दोन्हीकडे ती आपापल्या परीने बदलत गेली. कुठे दोन तुकडे जोडले गेले, कुठे एक तुटला, कुठे मधला भाग उलटा बसला. मजकूरही थोडा थोडा बदलला. लाखो वर्षं असं चाललं. बाहेरून काही कळत नाही."

"आणि पिल्लू?"

"त्याला दोघांकडून अर्धं अर्धं मिळतं. ते दोन अर्धे एकमेकांशी जमवून घेत नाहीत, शरीर घडताना मध्येच बिघडतं. एखादं जगलं असतं, तरी त्याला पुढे पिल्लं होणं कठीण. त्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. त्याच्या लागल्या नसत्या."

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

"तुमचं नाही आणि कुणाचंच नाही."

याने बरं वाटायला हवं होतं. पण मावशी मला म्हणाली, "माझी चूक असती तर सुधारली असती गं. आता कुठे हात घालू?"

खरी गोष्ट पुढेच होती. बाईची जात दुर्मीळ निघाली. दूरच्या एका प्राणिसंग्रहालयात तिच्या जातीचा एकटा नर होता. बाईला तिकडे पाठवायचं वरून ठरलं.

"पिल्लं नकोत तर होऊ देऊ नका," मावशी म्हणाली. "नुसतं राहू द्या ना दोघांना."

डॉक्टरीणबाईंनी तसं वर विचारलं. नकार आला. "तिची जातच संपत चाललीय मावशी. मीही त्यांच्या जागी असते तर हेच ठरवलं असतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना मावशीकडे बघवेना.

बाई फक्त मावशीच्या हातचं खायची. त्यामुळे प्रवासाच्या पेटीत शिरायची सवय लावायचं काम मावशीच्याच गळ्यात पडलं. काका जुन्या खुर्च्या नव्याने मढवायचे; त्यांनी पेटीला आतून जाड गादी शिवून दिली. मावशी रोज द्राक्ष पेटीत जरा आत, आणखी आत ठेवायची. बाई विश्वासाने आत शिरायची, खायची, बाहेर यायची. एक दिवस ती आत शिरली आणि मावशीने दार लावलं.

मास्तर हाका मारत राहिला. लोकांना मजा वाटायची, ते फोन उंचावून त्याचा आवाज टिपून घ्यायचे. मावशीने त्यांना काही म्हणायचं सोडून दिलं होतं. त्याच्यासाठी त्याच्या जातीची मादी मागवली, तर कुठेच रिकामी नव्हती, आणि आता त्याचं वयही झालं होतं.

वर्षभराने डॉक्टरीणबाईंनी फोनवर एक फोटो दाखवला. तिकडच्या नराच्या पाठीवर टपोऱ्या डोळ्यांचं पिल्लू होतं, शेजारी बाई बसली होती. मावशीने फोटो बराच वेळ पाहिला. "छान आहे," म्हणाली. तिला खरंच छान वाटलं होतं. पण ते मास्तरला सांगायची काही सोय नव्हती.

हळूहळू मास्तरच्या हाका थांबल्या. एकटा नको म्हणून त्याच्या खोलीत आर्माडिलो नावाचा एक कवचवाला प्राणी सोडला. तो खाली पाचोळा उकरत फिरतो. मास्तर फांदीवरून त्याच्याकडे बघत बसतो.

"बोलतात का एकमेकांशी?" मी परवा मावशीला विचारलं.

"छे. ते कुठलं?" ती बादली विसळत म्हणाली. "पण बघतो तरी. परवापर्यंत भिंतीकडे तोंड करून बसायचा."